आखूड जीप, लांब जीप आणि कैलाशचंद्र महिंद्रा

आपल्यापैकी बहुतेकांना ‘महिंद्रा’ हे नाव कॅम्पस इंटरव्ह्यूच्या यादीत भेटतं. माझ्यासारख्या पालघरकडच्या मुलाला ते शाळेत असल्यापासून माहीत असतं, पण जीपमुळे! बोईसर स्टेशनच्या बाहेर, चिल्हार फाट्यावर, मनोर नाक्यावर किंवा जव्हारच्या रस्त्याला ज्याने शेअर जीपची वाट पाहिलीय, त्याला वेगळं सांगायला नको. मागे समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्रीचं हूड, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि तरीही क्लीनर ओरडत असतो, ‘सरका हो आत!’

मेकॅनिकलला आल्यावर मला एक प्रश्न पडला. दुसऱ्या महायुद्धातली मूळ जीप तर चार सैनिकांसाठी होती. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, फक्त ८० इंच. मग आमच्याकडची ही ऐसपैस जीप आली कुठून? या प्रश्नाचा माग काढताना मी एका माणसाच्या चरित्रापाशी पोचलो. तो माणूस म्हणजे कैलाशचंद्र ऊर्फ के. सी. महिंद्रा. त्यांनी स्वतः जीपचं ड्रॉइंग काढलं नाही, की हातात वेल्डिंगची टॉर्च धरली नाही. पण ते नसते तर आमच्या नाक्यावर जीप दिसली असती की नाही, शंकाच आहे.

के. सीं.चा जन्म १८९४ चा, लुधियानाचा. वडील लवकर गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्यावर आला. हे जगदीशचंद्र म्हणजे आपल्याच बिरादरीतले, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले! त्यांनी भावंडांच्या शिक्षणात काटकसर केली नाही. के. सी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकले आणि पुढे केंब्रिजला गेले. परतल्यावर ते मार्टिन आणि कंपनीत दाखल झाले. कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी हीच ती कंपनी. तिचे धुरीण सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचं चरित्र के. सीं.नी लिहिलं. म्हणजे कारखानदार होण्याआधी हा गृहस्थ एका कारखानदाराचा चरित्रकार होता!

इकडे जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभागाच्या वरच्या पदावर पोचले होते. युद्धात पोलादाचं रेशनिंग सुरू झालं तेव्हा सरकारने त्यांना देशाचे पहिले पोलाद नियंत्रक नेमलं. आणि १९४२ मध्ये के. सीं.ची नेमणूक अमेरिकेतल्या भारतीय पुरवठा मिशनच्या प्रमुखपदी झाली. एका भावाच्या हाती पोलाद, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेची कारखानदारी. पुढच्या गोष्टीची तयारी अशी दोन खंडांत चालली होती.

अमेरिकेत के. सीं.ची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. रूस हे विलिस कंपनीचे मुख्य इंजिनिअर. जीपच्या ६० अश्वशक्तीच्या इंजिनामागे त्यांचीच मेहनत होती. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. रस्ता असो वा नसो, चारही चाकांनी ओढत जाणारी ही गाडी सगळं जग लढाईची गाडी म्हणूनच पाहत होतं. के. सीं.नी ती आपल्या देशातल्या बिनरस्त्याच्या गावांसाठी पाहिली. मला त्यांचं मोठेपण इथे वाटतं. वस्तू तीच, फक्त ती कोणाच्या उपयोगाची हा प्रश्न त्यांनी वेगळा विचारला.

१९४५ मध्ये ते परतले, तेव्हा पन्नाशीला पोचले होते. ज्या वयात लोक निवृत्तीचा हिशेब मांडतात, त्या वयात दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत नवी कंपनी काढली, ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. सुरुवात पोलादाच्या व्यापारापासून झाली. दोन वर्षांत फाळणी आली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं मात्र तीच राहिली, एम अँड एम!

जीपची जुळणी सुरू झाली ती मुंबईत, माझगावला. आधी सुटे भाग परदेशातून यायचे आणि इथे गाडी जोडली जायची. मग हळूहळू एकेक भाग इथेच बनू लागला. १९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले. पोलादाचा जाणकार भाऊ गेल्यावरही के. सीं.नी गाडा पुढे ओढला. त्याच काळात ते सरकारच्या कामातही होते. भारतीय कोळसा क्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते, मोटार आणि ट्रॅक्टर उद्योगाच्या पॅनेलचंही काम त्यांनी पाहिलं. १९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. थोरल्या भावाने शिकवलं, त्याची ही परतफेड असावी असं मला आपलं वाटतं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शांततेच्या काळात जीप आखूड पडते हे विलिसच्याही लक्षात आलं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत ८१ इंची सीजे-५ ची लांब बहीण आली, सीजे-६, व्हीलबेस १०१ इंच. इंग्लंडच्या लँड रोव्हरनेही तेच केलं. ती १९४८ मध्ये ८० इंचांची होती, १९५४ मध्ये १०७ इंचांची आवृत्तीही निघाली. भारतात तर गरज आणखी मोठी. एका गाडीत माणसं, कोंबड्या, भाताची पोती, सगळंच! म्हणून पुढे महिंद्राच्या लांब जीपा आल्या. आमच्या भागाला ‘कमांडर’ पाठ आहे ती त्यातलीच.

पण मित्रांनो, वीस इंच वाढवणं म्हणजे मधे वीस इंचांचा तुकडा टाकणं नव्हे. आपल्या सेकंड इयरच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियलचं गणित लावून बघा. व्हीलबेस ८१ वरून १०१ झाला म्हणजे लांबी सुमारे २५ टक्के वाढली. दर फुटामागे भार तोच धरला, तर चॅसीवरचा बेंडिंग मोमेंट लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५५ टक्के जास्त. चॅसीचा झोल चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जवळजवळ २.४ पट! इंजिन-गिअरबॉक्स जागेवरच असल्याने सगळी वाढ मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या वाट्याला येते. शाफ्ट दुप्पट लांब केला, तर ज्या वेगाला तो थरथरायला लागतो तो वेग चौथ्या हिश्शावर येतो. मग जाड नळी घ्या, नाहीतर मधे बेअरिंग द्या. शिवाय वळायला जागा जास्त लागते आणि भाताच्या बांधावर गाडीचं पोट टेकतं.

व्हीलबेस तोच ठेवून नुसती बॉडी मागे वाढवली तर? ते आणखी वाईट. मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे २४० किलोची चार माणसं बसली, तर ८१ इंची जीपच्या पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ५८ किलोने कमी होतो. स्टेअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला वाटतं गाडी मख्खन झाली! प्रत्यक्षात पुढची पकड सुटत असते, आणि समोर घाटाचं वळण असतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडच्या एका गॅरेजात मी एक जीप मधोमध कापलेली पाहिली आहे. मिस्त्रीचा हात उत्तम होता, वेल्डिंग सरळ रेषेत होतं. पण ब्रेक तेच, स्प्रिंगच्या पट्ट्या त्याच, शाफ्टला फक्त जोड दिलेला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे असे बदल करू देत नाही, आणि व्हीलबेस हा नोंदणीतलाच तपशील आहे. मला पूर्वी हा नियम म्हणजे आरटीओची कटकट वाटायची. वरचं गणित मांडल्यावर त्यामागची माणसं दिसली, जव्हारच्या बाजाराहून संध्याकाळी घरी निघालेली.

के. सी. महिंद्रा १९६३ मध्ये गेले. त्यांच्यानंतर मुलगा केशब महिंद्रा अध्यक्ष झाले आणि २०१२ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. जीपचं लांब होणं मात्र थांबलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, रॉक्सचा २८५०. त्या ४०० मिलिमीटरसाठी कंपनीने चॅसीचं काम नव्याने केलं. सत्तर वर्षांपूर्वीचीच गरज, माणसं जास्त आणि जागा कमी!

माझी एक सूचना आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आपण दरवर्षी नेटवरून काहीतरी उचलतो. त्याऐवजी आपल्या नाक्यावरची एक जीप घ्या, टेप लावा, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा प्रत्येक ॲक्सलवरचा भार वजनकाट्यावर मोजा. तारापूर एमआयडीसीत वजनकाट्यांना तोटा नाही. निघालेले आकडे त्या मिस्त्रीला मराठीत समजावून सांगा. के. सीं.नी गाडी गावासाठी आणली, तिचं गणित गावापर्यंत पोचवायचं काम अजून बाकी आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी