डेनिसने प्रोग्रामरवर विश्वास टाकला

'सी' शिकताना हा घोळ प्रत्येकाने एकदा तरी घातलेला असतो. अ‍ॅरे दहाचा, लूप फिरला अकरा वेळा. कंपायलर गप्प. प्रोग्राम कधी चक्क चालतो, कधी 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणत आडवा होतो. असं का होतं, ते समजायला डेनिस रिचीकडे जावं लागतं.

डेनिसचा जन्म 1941चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये. हार्वर्डला फिजिक्स, मग गणित, पीएचडीचा प्रबंधही लिहून तयार. पण पदवी काही पदरात पडली नाही. 1967मध्ये तोही बेल लॅब्सला लागला आणि केन थॉम्प्सनबरोबर युनिक्सच्या नादात अडकला.

त्यांच्या पीडीपी-11 मशीनला मेमरी होती 24 केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होणारा फोटोही याहून जड असतो! त्यातले 16 केबी सिस्टिमलाच जायचे. उरलेल्या आठमध्ये प्रत्येक अ‍ॅरेची लांबी जपायची, दरवेळी हद्द तपासायची म्हणजे चैनच. म्हणून 1972च्या सुमारास डेनिसने घडवलेल्या सीमध्ये अ‍ॅरेचं नाव म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिल्या घराचा पत्ता, बस्स. पुढे किती घरं आहेत, ते प्रोग्रामरने लक्षात ठेवायचं. मला विचाराल तर तेव्हा ते चूक नव्हतं. वापरणारे मोजके आणि तयारीचे होते. 1973मध्ये युनिक्सचा गाभाच सीमध्ये लिहून झाला, 1983मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण तोवर सी लॅबबाहेर पडली होती. 2 नोव्हेंबर 1988ला इंटरनेटवर 'मॉरिस वर्म' सुटला. 'फिंगर' नावाच्या सर्व्हिसमध्ये येणाऱ्या ओळीसाठी 512 बाइट्सची जागा होती, आणि ती भरायचं काम 'गेट्स' या फंक्शनकडे. ते बिचारं ओळ किती लांब आहे हे बघतच नाही, ओतत सुटतं. वर्मने 536 बाइट्स पाठवले. सांडलेले बाइट्स परतीच्या पत्त्यावर जाऊन बसले आणि मशीन वर्मचाच कोड चालवायला लागलं. हजारो मशीन्स बेजार. वर्म सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे वडील बेल लॅब्सचेच, युनिक्सवर काम केलेले!

डेनिस आपल्या भाषेबद्दल हट्टी नव्हता. 1990मध्ये त्याने स्वतःच सुचवलं, की बदलत्या आकाराच्या अ‍ॅरेसाठी पॉइंटरनेच लांबी सोबत वागवावी. म्हणजे हद्द तपासायची सोय आपसूक झाली असती. सीच्या मानकाने मात्र वेगळी वाट धरली.

ऑक्टोबर 2011मध्ये न्यू जर्सीतल्या घरी तो मृतावस्थेत सापडला. एकटाच राहायचा. आठवड्यापूर्वी स्टीव्ह जॉब्स गेलेला, त्या गदारोळात डेनिसची बातमी अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. त्याच डिसेंबरमध्ये सीचं नवं मानक आलं आणि त्यातून 'गेट्स' हद्दपार झालं. तुमचं लॅब मॅन्युअल उघडून बघा, तिथे कदाचित अजून असेल.