पुराचा हिशेब मांडणारा अभियंता

गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले, याकडे नाशिककरांचे पावसाळ्यात रोज लक्ष असते. या आकड्यांमागे धोक्याचे गणित असते. मोठ्यात मोठा पूर किती येऊ शकतो, तो आला तर बांधकाम तग धरेल का आणि नाही धरले तर पाणी कुठे जाईल, हे प्रश्न धरण बांधण्याआधीच सोडवावे लागतात. भारतात ज्यांनी हे गणित पद्धतशीरपणे मांडले त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या नोकरीची सुरुवात नाशिकमध्येच झाली होती.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने त्यांना सहायक अभियंता म्हणून नाशिकला नेमले. थोड्याच काळात ते खानदेशात गेले. धुळ्याजवळ दातर्ती येथे नदीच्या पात्राखालून कालव्याचे पाणी नळाने पलीकडे न्यायचे होते. पावसाळ्यात पूर येऊन काम वाळूने भरू लागले, तेव्हा त्यांनी ते पुढे ढकलण्याचे सुचवले. वरिष्ठांना हे रुचले नाही. अखेर पुराशी झुंजत त्यांनी काम पुरे केले. नदीचा स्वभाव कागदावरच्या वेळापत्रकाला जुमानत नाही, याचा अनुभव त्यांना तरुणपणीच आला.

खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे नाव झाले. तेथे दर पावसाळ्यात सांडव्यावरून बरेच पाणी वाहून जाई. ते अडवायचे तर सांडवा उंच करणे हा सोपा उपाय होता. पण मग पुराची पातळीही तेवढीच वर गेली असती आणि जुन्या दगडी भिंतीवर न पेलणारा भार आला असता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की वजनांचा तोल बदलून दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. मध्यरात्री पूर आला आणि पहारेकऱ्याला डुलकी लागली, तरी अडचण नव्हती. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि धरणाची उंची न वाढवता साठा वाढला. पेटंट त्यांच्या नावे होते, तरी सरकारकडून त्यांनी मानधन घेतले नाही.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या आणि खोऱ्यातील तलाव पाहिले. दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येई आणि तोही फुटे. या साखळीमुळे पूर कितीतरी वाढला होता. शहराच्या वर नदीवर मोठे साठे बांधावेत, त्यांत पुरासाठी जागा राखावी, असे त्यांनी सुचवले. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. नंतर म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि दिवाण म्हणून त्यांनी कावेरीवरील कृष्णराजसागर धरण मार्गी लावले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

मुसीचा धडा पुण्याला मात्र फार महागात पडला. १२ जुलै १९६१ रोजी खडकवासल्याच्या वर असलेले, काम अपुरे राहिलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे सगळे पाणी खडकवासल्यावर आले. पावसाच्या पुरासाठी आखलेला सांडवा आणि दरवाजे अशा लोंढ्यापुढे अपुरे होते. काही तासांत तेही धरण फुटले आणि पुण्यातील पेठा बुडाल्या. दरवाजे चांगले असून भागत नाही. वरच्या धरणाला काय होऊ शकते, हेही खालच्या धरणाच्या हिशेबात धरावे लागते. विश्वेश्वरय्या तेव्हा वयाच्या शंभराव्या वर्षात होते. एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले.

आज महाराष्ट्राच्या धरण सुरक्षितता संघटनेचे काम नाशिकमधून चालते. राज्यातील मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते. भिंतीतून झिरपणारे पाणी, भेगा, मातीचा खचवा, दरवाजांची हालचाल यांच्या नोंदी ठेवल्या जातात. झिरपणारे पाणी अचानक वाढले किंवा गढूळ झाले, तर आतून माती वाहून जात असल्याची ती खूण असू शकते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने अशी पाहणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे.

गंगापूरचे धरण मातीचे आहे. त्याच्या वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणे आहेत आणि खाली नाशिक शहर. विश्वेश्वरय्यांनी हैदराबादेत पाहिलेली साखळी इथेही आहे. म्हणूनच एकेका धरणाबरोबर संपूर्ण खोऱ्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि विसर्गाचा इशारा मिळताच नदीकाठ सोडावा लागतो. १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो, तेव्हा भर पावसाळा असतो आणि धरणे काठोकाठ भरलेली असतात.