शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालय आहे. त्यास जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. तेथील अध्यापक हिंदीच असावेत, अशी देणगी देणाऱ्यांची अट होती. त्या अटीचे सार्थक ज्यांनी केले, त्यांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. सेन जन्माने बंगाली. ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्यास त्यांचा जन्म झाला. परंतु त्यांचे वैद्यकीय शिक्षण आणि पुढील कर्तृत्व मुंबईचे. १९४९ साली ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया येथे अधिक अभ्यासासाठी जाऊन आले आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेकडे वळले.

त्या काळी ही वाट मोठी बिकट होती. विद्यार्थिमित्रांनो, हृदय उघडून आत टाके घालावयाचे तर त्यातील रक्त थांबवावे लागते. आणि रक्त थांबले की पहिला घाला पडतो तो मेंदूवर. इतर अवयव काही काळ उपाशी राहू शकतात. मेंदूला तेवढी सवड नसते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि तीन-चार मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. इतक्या वेळात हृदयातील छिद्र कोणी आणि कसे शिवावे?

उपाय सापडला तो थंडीत! कॅनडातील टोरांटो येथे विल्फ्रेड बिगेलो यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५० साली दाखविले की, शरीर गार केले असता त्याची प्राणवायूची भूक मंदावते. १९५२ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र याच रीतीने बंद केले. पुढे थोड्याच वर्षांत सेन यांनी ही पद्धत परळला आणली. रोग्यास प्रथम गाढ भूल द्यावयाची, कारण कुडकुडण्याने प्राणवायू उलट अधिकच खर्च होतो. मग बर्फाच्या साह्याने ३७ अंशांचे शरीर ३० अंशांच्या आसपास आणावयाचे. तेथेच थांबणे महत्त्वाचे. २८ अंशांच्या खाली हृदय नुसते थरथरू लागण्याचा धोका असतो. एवढा खटाटोप करून पदरात पडत ती आणखी चार-पाच मिनिटे! घड्याळाकडे एक डोळा ठेवून चिमुकल्या हृदयात टाके घालणाऱ्या त्या हातांचे मला राहून राहून नवल वाटते.

पुढे हृदय-फुप्फुस यंत्र आले. त्यातून रक्तच थंड करून शरीर १८ ते २० अंशांपर्यंत नेता येऊ लागले. त्या अवस्थेत रक्ताभिसरण सुमारे अर्धा तास पूर्ण थांबविले तरी मेंदू बहुधा सुखरूप राहतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या महाधमनीच्या कमानीतून निघतात. त्या कमानीची दुरुस्ती आजही अशीच करतात. महाधमनीच्या विकारांवर सेन यांनीही पुष्कळ संशोधन केले.

फेब्रुवारी १९६८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी केलेल्या जगातील पहिल्या हृदयारोपणास तीन महिनेही झाले नव्हते, तोच सेन आणि त्यांचे सहकारी डॉ. जी. बी. परुळकर यांनी भारतातील पहिले हृदयारोपण के. ई. एम.मध्ये केले. रोगी सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही टिकला नाही. मेंदू मृत झाला म्हणजे मनुष्य मृत झाला, असे मानणारा कायदाही तेव्हा आपल्या देशात नव्हता. तो १९९४ साली झाला. त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी पहिले यशस्वी आरोपण केले. ते पाहण्यास सेन नव्हते. १९८२ साली त्यांचे निधन झाले होते.

आपल्या सुरतेचाही या कथेशी एक धागा आहे. २०१५ सालापासून येथील मेंदुमृत व्यक्तींची हृदये, त्यांच्या नातलगांच्या संमतीने, थंड पेटीत ठेवून विमानाने मुंबईस नेण्यात आली आहेत. पेटीतील हृदयासही थंडी सवड देते ती चार-एक तासांचीच. म्हणून ती निघाली की रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता पोलीस मोकळा करून देतात.