अफूच्या चिकातील सत्त्व

जर्मनीतील पाडरबोर्न नगराजवळच्या नॉयहाउस या गावी १७८३ साली फ्रीडरिख सेर्टुर्नर याचा जन्म झाला. पितृछत्र लवकरच हरपल्यामुळे विद्यापीठाचे शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो पाडरबोर्नच्या एका औषधालयात उमेदवारी करू लागला.

त्या काळी असह्य वेदनांवर वैद्य अफू देत. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली असता जो चीक पाझरतो, तो वाळला म्हणजे अफू होते. परंतु प्रत्येक वेळची अफू सारख्या गुणाची नसे. एका वेळी जी मात्रा निरुपयोगी ठरे, तीच दुसऱ्या वेळी रोग्याचा प्राण घेई. चिकातील नेमका कोणता पदार्थ हे कार्य करतो, हे कोणासच ठाऊक नव्हते. तो शोधून काढण्याचा ध्यास या तरुणाने घेतला.

अफूच्या अर्कात त्याने अमोनिया मिसळला, तेव्हा काही स्फटिक वेगळे झाले. ते शुद्ध करून त्याने कुत्र्याला चारले. कुत्र्याला गुंगी आली. हा शोध त्याने प्रसिद्ध केला. परंतु औषधालयातील एका साध्या साहाय्यकाकडे विद्वानांनी फारसे लक्ष दिले नाही.

तरीही तो खचला नाही. पुढे त्याने स्वतः आणि तीन तरुणांनी ते स्फटिक घेतले. थोड्याच वेळात सर्वांना ग्लानी आली. प्रसंग ओळखून त्याने जहाल शिरका पिऊन व पाजून वांती करविली, म्हणून अनर्थ टळला. असे जिवावरचे साहस आज कोणी योग्य मानणार नाही. १८१७ साली त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. स्वप्नांची देवता मॉर्फियस हिच्या नावावरून या पदार्थाला त्याने नाव दिले. आज आपण त्याला मॉर्फिन म्हणतो. १८३१ साली फ्रान्समधील विद्वत्संस्थेने त्याला दोन हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. १८४१ साली हामेलन येथे तो निवर्तला.

मॉर्फिनने वेदना का शमते, हे मात्र त्याला कधीच कळले नाही. मेंदूतील पेशींवर जणू सूक्ष्म कुलपे असतात, असे १९७३ साली दिसून आले. त्यांच्या किल्ल्या आपले शरीर स्वतःच तयार करते, हे १९७५ साली समजले. मॉर्फिन त्याच कुलपांत बसते आणि वेदनेचा निरोप अडविते. मात्रा अधिक झाली, तर श्वासही मंदावतो. वारंवार घेतल्यास मेंदू त्याच्या आहारी जातो.

मोजून दिलेले सत्त्व रोग्याला दिलासा देते. व्यसन म्हणून घेतलेले तेच सत्त्व माणसाला गुलाम करते. हे मोजमाप प्रथम शक्य केले, ते विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या एका उमेदवाराने.