जॉश ग्रेव्ह्स
बर्केट हॉवर्ड ग्रेव्ह्स तथा अंकल जॉश ग्रेव्ह्स (२७ सप्टेंबर, १९२७:टेलिको प्लेन्स, टेनेसी, अमेरिका - ३० सप्टेंबर, २००६) हे अमेरिकन डोब्रोवादक होते. ब्लूग्रास या संगीतप्रकारात डोब्रो या स्टील गिटारला कायमचे स्थान मिळाले, ते प्रामुख्याने ग्रेव्ह्स यांच्यामुळे. १९५५ साली लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्स यांच्या फॉगी माउंटन बॉइज या वाद्यवृंदात ते दाखल झाले आणि बँजोवरील तीन बोटांच्या वादनाची पद्धत त्यांनी डोब्रोवर रुजवली. उजव्या हातात तीन नख्या घालण्याची चाल त्यांच्या आधीपासून होती. त्या नख्यांचा उपयोग कशासाठी आणि कोणत्या क्रमाने करायचा, याचा त्यांनी घेतलेला निर्णय मात्र नवा होता.

वाद्य आणि पूर्वपरंपरा
डोब्रो हे हवाईयन गिटारच्या कुळातील वाद्य आहे. ते आडवे धरून वाजवतात. डाव्या हातातील पोलादी कांब तारांवरून सरकवून स्वर काढले जातात, तर उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडल्या जातात. वाद्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा शंकूच्या आकाराचा पातळ पडदा बसवलेला असतो आणि त्यामुळे विजेच्या साहाय्याशिवायही आवाज मोठा होतो. स्लोव्हाक वंशाच्या डोप्येरा बंधूंनी १९२८ च्या सुमारास लॉस एंजेलस येथे या वाद्याचे उत्पादन सुरू केले. डोब्रो हे नाव त्यांच्या आडनावावरून आले असून स्लोव्हाक भाषेत त्याचा अर्थ चांगले असा होतो.

१९३० च्या दशकात विजेवर चालणारी स्टील गिटार आली आणि डोब्रोचे मुख्य प्रयोजनच संपले. मोठा आवाज हवा असणाऱ्यांनी नवे वाद्य घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोब्रोचे उत्पादनही थांबले. युद्धानंतर रॉय अकफ यांच्यासोबत वाजवणारे पीट कर्बी (ब्रदर ऑस्वल्ड) यांच्यासारखे मोजके नामांकित वादक या वाद्याला धरून राहिले. त्यांची धाटणी हवाईयन होती. लांब मींड, कंपित स्वर आणि गाण्यामागून येणारी करुण साथ हे तिचे विशेष होते. संथ गीतांना ही धाटणी शोभत असे, पण जलद लयीच्या ब्लूग्रासमध्ये तिला फारसा वाव नव्हता.

प्रारंभिक जीवन
ग्रेव्ह्स यांचे बालपण पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागात गेले. केंटकीचे गायक व स्टील गिटारवादक क्लिफ कार्लाइल यांचे वादन त्यांनी लहानपणी ऐकले आणि त्यातूनच त्यांना या वाद्याची ओढ लागली. कार्लाइल यांच्या वादनात ब्लूज संगीताचा अंश ठळक होता व तो ग्रेव्ह्स यांच्या वादनात अखेरपर्यंत टिकला. पुढे आपल्या एका डोब्रोला त्यांनी क्लिफ असे नाव दिले होते. १९४२ मध्ये, किशोरवयातच, ते व्यावसायिक वादक झाले. एस्को हँकिन्स, मॅक वाइझमन, तसेच विल्मा ली आणि स्टोनी कूपर यांच्यासमवेत त्यांनी साथ केली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस केंटकीतील लेक्सिंग्टन येथे त्यांची अर्ल स्क्रग्स यांच्याशी गाठ पडली. स्क्रग्स हे त्यापूर्वी बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइजमधून बाहेर पडले होते आणि त्यांच्या बँजोवादनाने मोठे कुतूहल निर्माण केले होते. त्यांच्याकडून ग्रेव्ह्स यांनी उजव्या हाताची पद्धत समजून घेतली. बँजो शिकण्यासाठी नव्हे, तर डोब्रोवर वाजवण्यासाठी ती त्यांना हवी होती.

वादनशैली
स्क्रग्स पद्धतीत अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीन बोटांत नख्या असतात. अंगठ्याची नखी बहुधा प्लॅस्टिकची, तर उरलेल्या दोन धातूच्या असतात. सतारीची नखी तर्जनीच्या टोकाबाहेर येते. येथे धातूची पाती बोटाच्या पेराच्या मांसल बाजूवर वळवून बसवतात. अंगठा बाहेरच्या दिशेने आघात करतो आणि दोन्ही बोटे तळव्याकडे ओढली जातात. एकच बोट शक्यतो लागोपाठ दोनदा वापरायचे नाही, हा या पद्धतीचा गाभा होय. चार ठोक्यांच्या आवर्तनात आठ स्वर येतात व बोटे तीनच असतात. त्यामुळे आघातांची विभागणी ३-३-२ अशी होते आणि जोर सतत जागा बदलतो. ब्लूग्रासची उसळती गती बऱ्याच अंशी यातून येते. या क्रमाला रोल म्हणतात.

हा रोल डोब्रोवर जसाच्या तसा उतरवता येत नाही. बँजोचा नाद झटकन विरतो, डोब्रोचा रेंगाळतो. जलद लयीत मागचा स्वर विझण्यापूर्वी पुढचा उमटला तर सारा गोंधळ होतो. शिवाय डोब्रोच्या तारा अधिक जाड असतात. बँजोला सतत घुमणारी आखूड पाचवी तार असते, ती डोब्रोला नाही. मात्र दोन्ही वाद्ये जी या स्वराच्या खुल्या मेळात जुळवता येतात आणि हा दुवा ग्रेव्ह्स यांच्या उपयोगी पडला. कांब उचलून मोकळी तार वाजू द्यायची, लगेच कांब तारेवर आपटून किंवा ओढून दुसरा स्वर काढायचा आणि नको तो नाद कांबेमागच्या बोटांनी वा उजव्या तळव्याच्या कडेने दाबायचा, अशी त्यांची रीत होती. अशा रीतीने उजव्या हाताच्या निर्णयाने डाव्या हाताचे कामही बदलले. जुन्या धाटणीत कांब बहुधा तारांवरच राहत असे, ग्रेव्ह्स यांच्या हातात ती सारखी उठत-बसत राहिली.

धातूच्या नख्यांचा आणखी एक लाभ होता. त्या काळी बरेचसे वाद्यवृंद एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहून कार्यक्रम करीत. एकल वादनाची पाळी आली की वादक पुढे येई आणि ते संपताच बाजूला होई. ग्रेव्ह्स डोब्रो पट्ट्याने गळ्यात अडकवून उभ्याने वाजवीत. नुसत्या बोटांनी छेडलेला मऊ स्वर बँजो आणि फिडल यांच्यासमोर टिकला नसता. या नख्यांचा तारेवर घासल्याचा खरखरीत आवाजही येतो व तो काहींना खटकतो. ग्रेव्ह्स यांच्या ध्वनिमुद्रणांत मात्र तो जलद लयीचा भाग वाटतो. टट टेलर या त्यांच्या समकालीन डोब्रोवादकाने बोटांच्या नख्या टाळून चपटी नखी वापरली आणि स्वतःची वेगळी शैली घडवली. ती वाट फार थोड्यांनी धरली.

ग्रेव्ह्स सर्वत्र रोल वापरीत नसत, ही बाब त्यांच्या वादनाच्या वर्णनात अनेकदा राहून जाते. संथ गीतांच्या साथीला ते एकाच तारेवर ब्लूजच्या अंगाने छोटे तुकडे वाजवीत आणि गायकाच्या ओळींमधील मोकळ्या जागाच तेवढ्या भरीत.

फॉगी माउंटन बॉइज
१९५५ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्स यांनी ग्रेव्ह्स यांना मुळात बासवादक म्हणून घेतले होते. थोड्याच काळात त्यांच्याकडे डोब्रो सोपवण्यात आला. मन्रो यांच्या वाद्यवृंदात मँडोलिन केंद्रस्थानी होते. डोब्रोमुळे फ्लॅट आणि स्क्रग्स यांचा ध्वनी त्याहून स्पष्टपणे वेगळा झाला. बासवादक जेक टलक यांच्यासह ग्रेव्ह्स विनोदी प्रवेशही सादर करीत. अंकल जॉश हे नाव रसिकांच्या तोंडी बसले ते याच भूमिकेत. शकिन द कॉर्न या वाद्यरचनेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. ८ डिसेंबर, १९६२ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात त्यांचा सहभाग होता.

१९६९ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्स विभक्त झाले. ग्रेव्ह्स आधी फ्लॅट यांच्या नॅशव्हिल ग्रासमध्ये आणि नंतर अर्ल स्क्रग्स रेव्ह्यूमध्ये होते. १९७४ पासून त्यांनी स्वतंत्रपणे कार्यक्रम केले. १९८० च्या दशकात फिडलवादक केनी बेकर यांच्यासोबतची त्यांची जोडी लोकप्रिय ठरली.

प्रभाव आणि अखेरची वर्षे
मन्रो यांनी आपल्या वाद्यवृंदात डोब्रोला स्थायी जागा दिली नाही, आणि परंपरावादी श्रोत्यांपैकी काहींना हे वाद्य ब्लूग्रासमध्ये उपरे वाटे. पुढच्या पिढीने हा वाद फारसा मानला नाही. माइक ऑल्ड्रिज यांनी आपला पहिला डोब्रो ग्रेव्ह्स यांच्याकडूनच विकत घेतला. जेरी डग्लस यांनी बालपणी त्यांचे प्रत्यक्ष वादन ऐकले होते. या दोघांच्या शैली परस्परांहून आणि ग्रेव्ह्स यांच्याहूनही भिन्न आहेत, परंतु उजव्या हाताची बैठक तीच आहे. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेने ग्रेव्ह्स यांचा सन्मान करून त्यांना मानाच्या यादीत स्थान दिले.

अखेरच्या वर्षांत आजारपणामुळे त्यांचे दोन्ही पाय काढावे लागले. त्यानंतरही त्यांनी वादन सोडले नाही. वयाची ७९ वर्षे पूर्ण झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.