भंडाऱ्याचे दुसरे मत

बारामती-इंदापुरात निवडणूक लागली की आमच्या वस्त्यांत वाद पेटतो: मत तत्त्वाला द्यायचे, की पक्षाचा डागाळलेला उमेदवार निवडून आणायचा? दोन्हीकडचे बाबासाहेबांचेच नाव घेतात.

१८९१ साली महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. १९५१ साली हिंदू कोड बिलावरून मंत्रिपद सोडले. १९५२ साली उत्तर मुंबईत ते समाजवाद्यांशी युती करून लढले आणि काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले. युती त्यांना वर्ज्य नव्हती, हे आमच्यातले सोवळे तत्त्ववादी विसरतात. विरोधकांनी मते कुजवायला लावली, अशी तक्रार घेऊन ते अशोक मेहतांसह निवडणूक न्यायाधिकरणाकडेही गेले.

मग १९५४ ची भंडारा पोटनिवडणूक. जागा दोन, प्रत्येक मतदाराला मतेही दोन. एक मत बाबासाहेबांना द्यायचे आणि दुसरे कुजवायचे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. राज्यघटना घडवणाऱ्याने मत वाया घालवायला सांगायचे नाही, हरलो तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती. मित्रपक्षाचे मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून पडले.

१९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. लोकसभेवर ते कधीच निवडून गेले नाहीत.