गाणे जगाने गायले, गाणारा बस चालवत राहिला

श्रमाची लूट फक्त शेतात, गिरणीत किंवा खाणीतच होते असा आपला समज असतो. परंतु ती गाण्यातही होते. शेतमजुराने पिकवलेले धान्य निदान डोळ्यांना दिसते, गाणे रचणाऱ्याचा घाम कोणालाच दिसत नाही. गाणे रेडिओवर वाजते, लोकांच्या ओठावर बसते, त्याच्या पैशावर स्टुडिओ उभे राहतात. ज्याच्या काळजातून ते आले तो माणूस आज कुठे आहे, कसा जगतो आहे, हे विचारण्याचे मात्र कोणाला सुचत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याचे कृष्णवर्णीय गायक-गीतकार आर्थर अलेक्झांडर यांचे आयुष्य हा या लुटीचा धडधडीत पुरावा आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्या वाचकांना परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. मार्टिन ल्युथर किंग आणि रोझा पार्क्स ही नावे आपल्या सभांतून सतत घेतली जातात. परंतु ज्या अलाबामात रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, त्याच अलाबामात काही वर्षांनी एका हॉटेल नोकराने सोल संगीताच्या सुरुवातीच्या काळातील एक अस्सल गाणे लिहिले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

आर्थर अलेक्झांडर यांचा जन्म १० मे १९४० रोजी उत्तर अलाबामात झाला. टेनेसी नदीच्या काठी फ्लॉरेन्स, शेफिल्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशी चार छोटी गावे एकमेकांना लागून आहेत. ब्लूज संगीताचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात ते डब्ल्यू. सी. हँडी फ्लॉरेन्सचे, आणि हेलन केलर टस्कंबियाच्या. आर्थर यांचे वडील गिटार वाजवत, घरातील बायका चर्चमध्ये गात. रेडिओवर गोऱ्यांचे कंट्री संगीत लागत असे, तेही आर्थर मन लावून ऐकत. काळ्यांचे संगीत वेगळे आणि गोऱ्यांचे वेगळे अशी वाटणी कंपन्यांनी आणि दुकानदारांनी केली होती. १९४९ पर्यंत तर 'बिलबोर्ड' हे व्यवसायपत्र काळ्यांच्या रेकॉर्डची यादी वंशाच्या नावानेच छापत असे. आर्थर यांच्या कानाने ही वाटणी कधी मानली नाही. म्हणूनच त्यांच्या गाण्यात चर्चची आर्तता आहे आणि कंट्री संगीताचा साधेपणाही आहे.

तरुणपणी ते शेफिल्डमधील मसल शोल्स हॉटेलात बेलबॉय होते. म्हणजे गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांचे सामान खोलीपर्यंत वाहून नेणे हे त्यांचे काम. त्या काळच्या अलाबामात काळ्या माणसाने अशा हॉटेलात सामान उचलावे, पाहुणा म्हणून राहू नये, हा नियम होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत तो चालला. फ्लॉरेन्समध्ये टॉम स्टॅफर्ड नावाच्या गोऱ्या तरुणाने औषधांच्या दुकानाच्या माडीवर गाणी रेकॉर्ड करण्याची छोटीशी सोय केली होती. गाणी लिहिणारी पोरे तिथे जमत, आर्थरही जात. १९६० मध्ये 'सॅली सू ब्राउन' ही त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. ती फारशी चालली नाही.

पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, रिक हॉल यांनी मसल शोल्समध्ये तंबाखूच्या जुन्या गोदामात मांडलेल्या स्टुडिओत आर्थर यांनी 'यू बेटर मूव्ह ऑन' हे स्वतः लिहिलेले गाणे गायले. मागे वाजवणारी मुले सगळी गोरी, तिथलीच, वीस वर्षांच्या आतबाहेरची. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामातीलच ॲनिस्टन येथे काळे आणि गोरे एकत्र प्रवास करतात म्हणून 'फ्रीडम रायडर्स'ची बस जाळण्यात आली होती. बसमध्ये शेजारी बसणे हा गुन्हा ठरत होता, आणि एका गोदामात काळा गायक आणि गोरे वादक शेजारी उभे राहून गाणे बांधत होते. हे धाडस कोणी घोषणा देऊन केले नाही, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

ते गाणे काय सांगते? एका गरीब तरुणाच्या प्रेयसीवर श्रीमंत तरुणाची नजर आहे. तो पैशाने तिला काहीही देऊ शकतो. गरीब तरुण त्याला शिवी देत नाही, हात उचलत नाही, गयावया करत नाही. शांत आवाजात तो श्रीमंताला वाट धरायला सांगतो. वरवर पाहता ही प्रेमाची गोष्ट आहे. पण रोज मान खाली घालून दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा माणूस, ज्याच्याकडे सगळे आहे अशा माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, तेव्हा त्या शांतपणात स्वाभिमान असतो. आर्थर यांनी वंशभेदावर भाषणे केली नाहीत. तरीही ज्याला ऐकण्याचे कान आहेत त्याला हा स्वाभिमान ऐकू येतो.

ही रेकॉर्ड १९६२ मध्ये अमेरिकेच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत चढली. मिळालेल्या पैशातून रिक हॉल यांनी मसल शोल्समध्ये नवा स्टुडिओ बांधला. पुढे विल्सन पिकेट, एटा जेम्स, अरीथा फ्रँकलिन असे मोठे गायक त्याच 'फेम' स्टुडिओत आले आणि हे खेडेवजा गाव जगाच्या नकाशावर आले. त्या इमारतीचा पाया हॉटेलातल्या एका हमालाच्या गाण्याने घातला गेला, हे आपण विसरता कामा नये.

आर्थर यांच्या वाट्याला मात्र काय आले? रेकॉर्ड 'डॉट' कंपनीने काढली होती. ही तीच कंपनी, जिने काळ्या गायकांची गाणी पॅट बून या गोऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेऊन मोठा धंदा केला होता. आर्थर यांची पुढची रेकॉर्डिंग नॅशव्हिलला झाली. ज्या वादकांसोबत त्यांचा सूर जुळला होता त्या मसल शोल्सच्या स्टुडिओपासून ते तुटले आणि दुसऱ्यांची गाजलेली गाणीही त्यांच्या गळ्यात घातली गेली. तरीही १९६२ मध्येच त्यांनी 'ॲना' हे गाणे दिले. यातला पुरुष दुसऱ्यावर प्रेम करणाऱ्या आपल्या प्रेयसीला अडवत नाही, दुःख गिळून तिला मोकळे करतो. बाईला मालमत्ता समजणाऱ्या गाण्यांच्या बाजारात हे वेगळे होते.

१४ जानेवारी १९६३ रोजी जॉर्ज वॉलेस यांनी अलाबामाच्या गव्हर्नरपदाची शपथ घेताना वंशभेद कायम ठेवण्याची गर्जना केली. त्यानंतर महिनाभरातच, ११ फेब्रुवारीला, लंडनमध्ये बीटल्सने आपल्या पहिल्या अल्बमसाठी 'ॲना' रेकॉर्ड केले. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने 'यू बेटर मूव्ह ऑन' गायले. १९८८ मध्ये बॉब डिलन यांनी 'सॅली सू ब्राउन' आपल्या अल्बममध्ये घेतले. ज्या माणसाला स्वतःच्या राज्यात चांगल्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, त्याची गाणी जगातले सर्वात मोठे गायक गात होते.

मग पैसा कुठे गेला, असा प्रश्न वाचकांना पडेल. इथे हिशोब समजून घेतला पाहिजे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या हक्कापोटी दोन सेंट ठरवले होते आणि हा दर १९७८ पर्यंत बदलला नाही. त्यातला निम्मा वाटा साधारणपणे प्रकाशकाचा. म्हणजे एक लाख प्रती खपल्या तर गीतकाराच्या नावावर फार तर एक हजार डॉलर, तेही प्रकाशकाने प्रामाणिकपणे दिले तर. गायक म्हणून जो वाटा असे, त्यातून स्टुडिओचा खर्च आधी कापला जाई. रेडिओवर रेकॉर्ड वाजली तर अमेरिकेत गीतकाराला पैसे मिळतात, गायकाला आजही मिळत नाहीत. परदेशातील विक्रीचा पैसा मधल्या हातांतून गळत येई. कोणी रात्री येऊन घर फोडले नाही, सगळे कागदावर सही घेऊन झाले. ज्याच्याजवळ वकील नाही, हिशोब तपासण्याचे बळ नाही, त्याच्यासाठी करार हे दुसऱ्याच्या हातातले हत्यार असते.

साठच्या दशकात आर्थर आजारी पडले, व्यसनातही सापडले, हे आम्ही लपवत नाही. परंतु केवळ त्यामुळे ते मागे पडले असे म्हणणे म्हणजे लुटणाऱ्याला मोकळे सोडणे होय. १९७२ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. त्यातले 'बर्निंग लव्ह' त्यांनी आधी गायले होते, पण त्याच वर्षी ते एल्व्हिस प्रेस्ली यांच्या आवाजात जगभर गाजले. १९७५ मध्ये स्वतः लिहिलेले जुने गाणे गाऊन आर्थर यादीत ४५ व्या क्रमांकावर आले. तरी हातात काही पडले नाही. अखेर त्यांनी संगीत सोडले आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलँडमध्ये एका समाजसेवी संस्थेची बस चालवू लागले. आपल्यासोबत काम करणारा हा शांत, धार्मिक माणूस कोण आहे, हे सहकाऱ्यांना माहीत नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही संगीतप्रेमींनी त्यांना शोधून काढले. जुने मसल शोल्सचे मित्र वाजवायला आले आणि १९९३ मध्ये 'लोनली जस्ट लाइक मी' हा अल्बम निघाला. समीक्षकांनी तो उचलून धरला. नवा करारही झाला. आता कुठे चार पैसे आणि मानाचे दिवस येणार, तोच ९ जून १९९३ रोजी नॅशव्हिलमध्ये हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. काही दिवसांपूर्वीच त्यांनी नव्या वादकांसह कार्यक्रम केला होता. वय अवघे ५३ वर्षे. दुसऱ्या वर्षी अनेक नामवंतांनी त्यांची गाणी गाऊन श्रद्धांजलीचा अल्बम काढला.

श्रद्धांजली चांगलीच, पण ती माणूस गेल्यावर देण्याची ही कसली रीत? कलावंताला हार नको असतो असे नाही, पण आधी त्याला त्याचा हिशोब हवा असतो. गाणाऱ्याचे नाव घेऊन गाणे गा, त्याचा हक्क लिहून घ्या आणि तो जिवंत असताना त्याच्या हाती द्या, एवढेच आर्थर अलेक्झांडर यांचे आयुष्य आपल्याला सांगते. यापुढे 'ॲना' हे गाणे कुठे कानावर पडले तर ते बीटल्सचे म्हणून सोडून देऊ नका. ते अलाबामातल्या एका बेलबॉयचे आहे, हे शेजारच्याला आवर्जून सांगा.